वेबसाइटच्या फॉर्मवरची ऑर्डर एसएपीत न्यायची कशी?

प्रश्न असा आहे. शिरोली एमआयडीसीत पंप आणि पंपांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. डीलर वेबसाइटवरच्या फॉर्मवर मागणी भरतात, ती ई-मेल होऊन ऑफिसात येते आणि सेल्सच्या ताई ती बघून बघून एसएपीत, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करतात. मालकांना हे मधलं टायपिंग नको आहे. वेबसाइट करणारा म्हणतो, ‘एसएपीच्या डेटाबेसचा पासवर्ड द्या, फॉर्म सबमिट झाला की मी सरळ टेबलात ओळ घालतो, आठवड्यात काम संपेल.’ हे करावं का?

करू नका. पासवर्ड तर मुळीच देऊ नका. मालकांची अपेक्षा रास्त आहे आणि ती पुरी करता येते, पण त्या वाटेनं नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या कारखान्यांत बाहेरून येणारी माहिती ईआरपीत (एसएपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टेबलाचं बघू. एसएपीतली एक सेल्स ऑर्डर म्हणजे एका टेबलातली एक ओळ नव्हे. व्हीबीएके नावाच्या टेबलात तिचा हेडर, म्हणजे वरची एकत्रित माहिती, असते, व्हीबीएपीमध्ये एकेक आयटम, व्हीबीईपीमध्ये कुठला माल किती आणि कधी द्यायचा ते, व्हीबीपीएमध्ये ऑर्डर कुणाची आणि माल कुठं उतरवायचा ते. दर, सवलत आणि कराचा हिशेब आणखी वेगळ्या टेबलात जातो. ईसीसी या एसएपीच्या जुन्या आवृत्तीत तो केओएनव्हीत असतो, एस-फोर हाना या नव्या आवृत्तीत दुसरीकडं. शिवाय ऑर्डर सेव्ह होताना एसएपी साठा तपासतं, डीलरची उधारीची मर्यादा बघतं, दर लावतं, कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवतं. सरळ टेबलात ओळ घातली की यातलं काहीच होत नाही. इथल्याच एका कारखान्यात अशा घातलेल्या ऑर्डरी मी पाहिल्या आहेत. यादीत दिसायच्या, पण डिलिव्हरी काढायला गेलं की शेड्यूल लाइनच (व्हीबीईपीतली ओळ) नसल्यामुळं अडायच्या. माल पॅक होऊन गेटवर पडलेला, ट्रकवाला खोळंबलेला आणि ऑफिसात कुणालाच कळेना की ऑर्डरला झालंय काय. त्या एकेक करून बाद केल्या आणि हातानं पुन्हा भरल्या, तेव्हा कुठं गाडं हललं. अशा वेळी एसएपीकडून मदत मागायलाही तोंड राहत नाही, कारण त्यांच्या टेबलांना बाहेरून हात लावलेला असतो.

मग करायचं काय? माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. फॉर्म स्वीकारणं आणि ऑर्डर तयार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एका बटणाला बांधू नका.

साखर कारखान्यावर ऊस घेऊन गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, पावती हातात पडते. ऊस गव्हाणीत कधी पडायचा, ते त्या दिवशीच्या गाळपावर ठरतं. पण पावती मिळाली की शेतकऱ्याचं वजन पक्कं. तुमच्या डीलरलाही सबमिट दाबल्यावर अशी पावती मिळाली पाहिजे: ‘तुमची मागणी मिळाली, क्रमांक अमुक.’ ‘तुमची ऑर्डर झाली’ असं तिथं लिहू नका, कारण तोवर ती झालेली नसते.

त्यासाठी मधे तुमचं स्वतःचं एक टेबल लागतं. डेटाबेस मायएसक्यूएल असो, पोस्टग्रेस असो, फरक पडत नाही. फॉर्म आला की तो आहे तसा, एक अक्षरही न बदलता, तिथं ठेवायचा. शेजारी तुमचा मागणी क्रमांक, डीलरचा कोड, आल्याची वेळ, सध्याची अवस्था, किती वेळा पाठवून पाहिलं, शेवटची एरर काय आली आणि एसएपीत तयार झालेल्या ऑर्डरचा नंबर. अवस्था सहा पुरतात: आली, तपासली, पाठवली, झाली, अडली, रद्द. या टेबलात ओळ पक्की लिहिली गेली की लगेच डीलरला पावती दाखवायची. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीत बोलतात, त्या भाषेत हे 202, म्हणजे ‘स्वीकारलं, काम व्हायचं आहे’. पुढचं काम एक वेगळा छोटा प्रोग्राम करतो, जो दर मिनिटाला या टेबलात डोकावतो आणि नवीन मागण्या एसएपीकडं नेतो.

एवढं मधलं टेबल कशाला, असं वेबसाइट करणारा विचारेलच. त्याला 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आठवून बघायला सांगा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि दोन्ही वेळा रस्ता काही दिवस बंद होता. अशा दिवसांत कारखान्याची लाइट बंद असते, आतला सर्व्हर बंद असतो, ऑफिसात कुणी पोचू शकत नाही. पण नागपूरच्या किंवा नाशिकच्या डीलरकडं ऊन असतं, त्याच्याकडं गिऱ्हाईक उभं असतं आणि त्याला आत्ता मागणी टाकायची असते. फॉर्म थेट एसएपीला बांधलेला असेल तर त्याला पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीतली एरर दिसते आणि तो दुसऱ्या कंपनीला फोन लावतो. मधे टेबल असेल आणि ते बाहेरच्या होस्टिंगवर असेल, तर मागण्या शांतपणे साठत राहतात. सर्व्हर सुरू झाला की आत जातात. पूर रोज येत नाही हे खरं. पण महिनाअखेरीला एसएपी मंद होतं, रात्री बॅकअप चालतो, रविवारी कुणीतरी पॅच टाकतं. हे तर रोजचंच आहे.

आता एकच मागणी दोनदा पडण्याचं बघू. जिथं जिथं मी हे काम पाहिलंय, तिथं सगळ्यात जास्त मनस्ताप यानंच दिलाय. चंदगड किंवा राधानगरीच्या बाजूचा डीलर मोबाइलवरून फॉर्म भरतो. रेंज एक काडी. सबमिट दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. पहिलं दाबणंही पोचलेलं असतं आणि दुसरंही. सकाळी ताईंना दोन सारख्या ऑर्डरी दिसतात. दोन्ही खऱ्या की एकच, हे फोन केल्याशिवाय कळत नाही. बटण एकदा दाबल्यावर बंद करणं हा उपाय अर्धवट आहे, कारण माणूस पान रिफ्रेश करतो, मागं जातो, पुन्हा येतो.

पक्का उपाय असा. फॉर्म उघडतानाच सर्व्हरनं त्याच्या पोटात एक अद्वितीय किल्ली, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही फॉर्मला न मिळणारा क्रमांक, घालून द्यायची. सबमिट झालं की ती किल्ली मधल्या टेबलात जाते, आणि त्या रकान्यावर डेटाबेसचीच युनिक अट असते. दुसऱ्यांदा तीच किल्ली आली की डेटाबेस ओळ घेत नाही. तेव्हा डीलरला एरर दाखवायची नाही, पहिल्याच मागणीचा क्रमांक पुन्हा दाखवायचा. त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक झालेलं असतं, आणि ते खरंही असतं. ‘आधी शोधायचं, नसेल तर घालायचं’ असा कोड बरेच जण लिहितात. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि दोन्ही आत जातात. म्हणून अट डेटाबेसमध्येच हवी.

हीच गोष्ट पुढच्या टप्प्यावर आणखी अवघड रूपात येते. तुमच्या प्रोग्रामनं एसएपीला मागणी दिली, एसएपीनं ऑर्डर तयार केली आणि उत्तर परत येण्याआधी कनेक्शन तुटलं. प्रोग्रामला वाटतं काम झालं नाही. तो पुन्हा पाठवतो. झाल्या दोन ऑर्डरी. यासाठी तुमचा मागणी क्रमांक एसएपीच्या ऑर्डरमध्येच लिहून ठेवायचा. ग्राहकाचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर लिहायची जी जागा असते, ती यासाठी उत्तम. पुन्हा पाठवण्यापूर्वी त्या क्रमांकाची ऑर्डर आधीच आहे का ते एसएपीत शोधायचं. सापडली तर तिचा नंबर आपल्या टेबलात लिहून मोकळं व्हायचं. इथं एक बारीक खड्डा आहे. बरेच प्रोग्रामर तिथं यूयूआयडी, म्हणजे आपोआप तयार होणारी लांबलचक अद्वितीय किल्ली, टाकतात. मधल्या रेघांसकट ती 36 अक्षरांची असते. पीओ नंबरचा रकाना व्हीबीकेडी या टेबलात 35 अक्षरांचा आहे आणि व्हीबीएकेत तर 20 चाच. म्हणजे शेवट कापला जातो, आणि शोधायला गेलं की पूर्ण किल्ली जुळत नाही. त्यामुळं 20 अक्षरांच्या आत बसेल असा आपला छोटा मागणी क्रमांक करा, वर्ष आणि अनुक्रमांक मिळून. तो फोनवर सांगायलाही सोपा जातो. डीलरचा स्वतःचा पीओ नंबर असेल तर तो हेडर टेक्स्टमध्ये किंवा दुसऱ्या ठरवलेल्या जागी न्या, आणि कुठं न्यायचा ते अकाउंट्सला विचारून ठरवा.

एसएपीच्या आत जायचा अधिकृत दरवाजा कोणता, तर तुमची एसएपी जुनी ईसीसी असेल तर बापी (बाहेरच्या प्रोग्रामनं बोलवायचं एसएपीचं तयार फंक्शन), एस-फोर हाना असेल तर ओडेटा सर्व्हिस (तेच काम वेबच्या पद्धतीनं). सेल्स ऑर्डरसाठी तयार बापी आहे, तिच्या नावाच्या शेवटी क्रिएट-फ्रॉम-डॅट-टू येतं. तुमच्या एसएपी कन्सल्टंटला एवढं सांगितलं तरी कळेल. आयडॉकनंही (एसएपीच्या ठरलेल्या साच्यातल्या दस्तऐवजानं) होतं, आणि मोठ्या कंपन्यांशी ईडीआय, म्हणजे कागदपत्रांची संगणकातून थेट देवाणघेवाण, असेल तर तेच बरं पडतं. पण तुमच्या कामाला बापी पुरे, कारण उत्तर तिथल्या तिथं मिळतं.

बापीबद्दल तीन गोष्टी नव्या माणसाला हमखास चकवतात. पहिली, बापी ऑर्डरचा नंबर देते म्हणजे ऑर्डर झाली असं नाही. तिच्यानंतर त्याच सेशनमध्ये कमिटची, म्हणजे नोंद पक्की करण्याची, बापी बोलवावी लागते. ती राहिली, किंवा प्रोग्रामनं दुसरंच कनेक्शन उघडून कमिट केलं, तर हातात नंबर असतो आणि एसएपीत तो टाकला की ‘अशी ऑर्डर नाही’ असं येतं. कमिट करताना वेट हा पर्यायही चालू ठेवा, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहून होईपर्यंत तुमचा प्रोग्राम थांबेल. दुसरी, कॉल यशस्वी झाला याचा अर्थ काम यशस्वी झालं असा नाही. बापी रिटर्न नावाचं टेबल परत देते आणि त्यात ओळी असतात: एस म्हणजे झालं, डब्ल्यू म्हणजे इशारा, आय म्हणजे माहिती, ई म्हणजे चूक, ए म्हणजे मधेच सोडून दिलं. सगळ्या ओळी वाचायच्या. एक जरी ई किंवा ए असेल तर कमिट न करता रोलबॅक करायचा, म्हणजे झालेलं सगळं मागं घ्यायचं. आणि त्या सगळ्या ओळी जशाच्या तशा मधल्या टेबलात ठेवायच्या. ताईंना फोनवर उत्तर देताना त्याच उपयोगी पडतात. तिसरी, कोडच्या आधीचे शून्य. एसएपीत ग्राहकाचा कोड आतून 10 अक्षरी असतो. पडद्यावर 10234 दिसतो तो आत पाच शून्यं लावून बसलेला असतो. मटेरिअल कोड आकड्यांचाच असेल तर तोही ईसीसीत 18 अक्षरांपर्यंत शून्यांनी भरलेला असतो. प्रोग्रामनं शून्यं लावली नाहीत तर ‘ग्राहक अस्तित्वात नाही’ अशी एरर येते आणि मग सगळे मास्टर (ग्राहकांच्या आणि मालाच्या मूळ नोंदी) तपासत बसतात. मापाचंही तसंच: ‘नग’ या अर्थाचं माप इंग्रजी पडद्यावर पीसी दिसतं, आत ते जर्मन शब्दावरून आलेलं एसटी असतं.

ओडेटा घेतलंत तर एक टोकन आधी मागून घ्यावं लागतं, सीएसआरएफ टोकन म्हणतात त्याला. ते आणि त्याच्याबरोबर आलेली कुकी, दोन्ही पुढच्या विनंतीत परत द्यायच्या. कुकी विसरली की टोकन बरोबर असूनही 403, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतं.

एरर आली की पुन्हा पाठवायचं का, हे एररच्या जातीवर ठरतं. ‘हा रेकॉर्ड सध्या अमुक युजर वापरत आहे’ अशी एरर थोड्या वेळानं आपोआप सुटते. कनेक्शन तुटलं, सर्व्हर बंद, हेही तसंच. अशा वेळी मिनिटानं, मग पाच मिनिटांनी, मग पंधरा मिनिटांनी, असं अंतर वाढवत पाठवत राहायचं. पण ‘हे मटेरिअल या प्लांटमध्ये नाही’ ही एरर शंभर वेळा पाठवली तरी तीच येणार. तिला लगेच ‘अडली’ म्हणून बाजूला काढा आणि माणसाला दाखवा.

आता फॉर्मकडं येऊ. ब्राउझरमधली तपासणी डीलरच्या सोयीसाठी असते, खात्रीसाठी नाही. ती कुणालाही बंद करता येते. खात्रीची तपासणी सर्व्हरवर. आणि दर कधीही फॉर्मवरून घेऊ नका, लपवलेल्या रकान्यातूनही नाही. डीलरनं फक्त काय आणि किती हे सांगायचं. दर, सवलत, कर एसएपीच लावेल. डीलरचं नाव-पत्ताही टाइप करून घेऊ नका. तो लॉगिन करून येतो, म्हणजे त्याचा कोड तुम्हाला आधीच माहीत आहे.

आपल्या भागात यात एक खास अडचण आहे, जी बाहेरच्या एजन्सीला सहसा ठाऊक नसते. आपली माणसं मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून बसलेली असतात. संख्येच्या रकान्यात ते २५ लिहितात, देवनागरीत. पीएचपीमध्ये याचं पूर्णांकात रूपांतर केलं तर 0 येतं, एररही येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘संख्या नाही’ असं येतं. पायथन मात्र बरोबर 25 वाचतं. पंचवीस इम्पेलरची मागणी शून्य होऊन आत जाणं किंवा गुपचूप गळून पडणं किती वाईट, ते सांगायला नको. म्हणून सर्व्हरवर पहिलं काम, देवनागरी अंक ओळखून बदलून घेणं. डीलरला ‘इंग्रजीत लिहा’ म्हणून परत पाठवू नका, त्याचं काहीच चुकलेलं नाही.

नावांचंही असंच. कऱ्हाड हे गाव घ्या. त्यातला ऱ एका कोडनं लिहिता येतो, र आणि नुक्ता असा दोन कोडनीही, आणि काही जुने कीबोर्ड र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा तिसऱ्याच रीतीनं ते अक्षर बनवतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र तीन वेगळी गावं वाटतात. युनिकोडचं एनएफसी नावाचं एकसारखं रूप करून घेतलं की पहिल्या दोन रीती एक होतात, तिसरी तशीच राहते. त्यामुळं जुळवणी कायम एसएपीतल्या कोडवर करा, नावावर कधीच नाही. आणि मधलं टेबल एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर मराठी मजकुराचे रकाने एनव्हारचार (युनिकोड मजकूर घेणाऱ्या) प्रकाराचे ठेवा. साध्या व्हारचारमध्ये ‘माल संध्याकाळी उतरवू नये’ अशी डीलरची सूचना प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. एकदा प्रश्नचिन्हं झाली की मूळ मजकूर परत मिळत नाही.

जीएसटीचं थोडक्यात. नवीन डीलरच्या नोंदणीसाठी वेगळा फॉर्म असेल तर जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक) नीट तपासा: 15 अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे, पुढची 10 अक्षरं पॅन, शेवटचं अक्षर तपासणीचं. ते शेवटचं अक्षर बाकीच्यांवरून काढता येतं, त्यामुळं टायपिंगची चूक जागच्या जागी पकडता येते. कोल्हापूरला राज्याचे ते दोन अंक फार महत्त्वाचे आहेत. निपाणीचा डीलर आपल्याला शेजारचा वाटतो, पण तो कर्नाटकात, म्हणून त्याचा नंबर 29 नं सुरू होतो आणि त्याला परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागतो. गडहिंग्लजच्या डीलरचा 27, त्याला सीजीएसटी आणि एसजीएसटी. उलाढाल पाच कोटींच्या वर असणाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, आणि मास्टरमध्ये पिनकोड एका राज्याचा आणि जीएसटीआयएन दुसऱ्या राज्याचा असेल तर पोर्टल इन्व्हॉइस परत करतं. फॉर्मवर केलेला आळस असा थेट ट्रक सुटायच्या वेळी पुढं येतो.

तारखा आणि वेळ. एसएपीला तारीख आठ अंकांत द्यायची, वर्ष आधी. फॉर्मवर कॅलेंडर दाखवा, हातानं लिहू देऊ नका, नाहीतर 3 एप्रिल आणि 4 मार्च यांत गल्लत होते. होस्टिंगचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणजे 1 एप्रिलला पहाटे आलेली मागणी 31 मार्चची, मागच्या आर्थिक वर्षातली दिसते. साठवताना यूटीसी चालेल, पण एसएपीला देताना भारतीय तारीख काढूनच द्या.

सुरक्षेबद्दल माझं ठाम मत आहे. बाहेरच्या वेब सर्व्हरला कारखान्यातल्या एसएपीपर्यंत पोचताच येऊ नये. फायरवॉलमध्ये आत यायला भोक पाडू नका. तो छोटा प्रोग्राम कारखान्याच्या आत चालवा आणि त्यानं बाहेर जाऊन नवीन मागण्या उचलून आणाव्यात. वेबसाइट उद्या कुणी फोडली तरी त्याच्या हाती मागण्यांचं टेबल लागेल, एसएपी नाही. तेही काही थोडं नुकसान नव्हे, कारण त्यात लोकांची नावं आणि मोबाइल नंबर आहेत आणि 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानं ते जपायची जबाबदारी तुमच्यावर येते. एसएपीत या कामासाठी वेगळा सिस्टिम युजर घ्या आणि त्याला सेल्स ऑर्डर करणं आणि बघणं एवढाच अधिकार द्या. घाईत सगळे अधिकार देऊन टाकायची पद्धत आपल्याकडं फार आहे. ती मोडा.

लायसन्सचा मुद्दा मालकांच्या कानावर आधीच घाला. बाहेरच्या प्रोग्राममधून एसएपीत नोंदी करणं याला लायसन्स लागू शकतं. डिआजिओ या मद्य कंपनीनं ग्राहकांना स्वतः ऑर्डर टाकता यावी म्हणून बाहेरची यंत्रणा एसएपीला जोडली होती, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये लंडनच्या हायकोर्टानं तोही एसएपीचा वापरच आहे असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी एसएपीनं डिजिटल ॲक्सेस नावाची पद्धत आणली, ज्यात तयार होणाऱ्या दस्तऐवजांवर मोजणी होते आणि सेल्सचे दस्तऐवज त्यात येतात. तुमच्या करारात काय आहे ते काम सुरू करण्याआधी लेखी विचारून घ्या.

ज्यांच्याकडं एसएपी नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टॅलीला एक्सएमएलनं नोंदी देता येतात, नेहमीचा पोर्ट 9000. पण त्या वेळी टॅली चालू हवं, कंपनी उघडलेली हवी आणि लेजरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. तो पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. ईआरपीनेक्स्ट या ईआरपीत रेस्ट एपीआयनं (वेबवरून बोलायच्या तिच्या दरवाजानं) ऑर्डर ड्राफ्ट म्हणून तयार करता येते आणि माणूस बघून ती सबमिट करतो. छोट्या कारखान्याला ही सोय फार छान आहे. बाकी मधलं टेबल, किल्ली, अडलेल्यांची यादी, हे सगळं तिथंही तसंच लागतं.

त्या यादीबद्दल आता. अडलेल्या मागण्या दाखवणारा एक साधा पडदा ताईंसाठी करा. मागणी क्रमांक, डीलर, काय अडलं ते मराठीत, आणि तीन बटणं: दुरुस्त करून पाठवा, तशीच पुन्हा पाठवा, रद्द करा. एसएपीची एरर मूळ स्वरूपात खाली दिसू दे, पण वर माणसाला कळेल असं वाक्य हवं. ‘या डीलरची उधारी मर्यादा ओलांडली आहे, अकाउंट्सशी बोला.’ दुरुस्ती केली तर कुणी आणि काय केली ते नोंदलं गेलं पाहिजे. रोज संध्याकाळी एक ताळा आपोआप ई-मेल व्हावा: आज आलेल्या मागण्या, त्यांतल्या ऑर्डर झालेल्या, अडलेल्या, रद्द झालेल्या आणि अजून वाटेत असलेल्या. बेरीज जुळलीच पाहिजे. ती जुळत नसेल तर कुठलीतरी मागणी हरवली आहे, आणि ती त्याच संध्याकाळी शोधायची. डीलरला दुसरा निरोप ऑर्डर झाल्यावर जातो, एसएपीच्या नंबरासकट. एसएमएसनं पाठवणार असाल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणं मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, त्याला वेळ लागतो, तो आधीच टाका.

सुरुवातीला वेबवरून येणारी प्रत्येक ऑर्डर डिलिव्हरी ब्लॉक (माल सुटू नये म्हणून लावलेली अडकण) लावून तयार करा. बापीच्या हेडरमध्ये त्यासाठी जागा आहे. ताई ऑर्डर बघतील, बरोबर असेल तर ब्लॉक काढतील. ओळखीचे, समजूतदार दोन-चार डीलर आधी घ्या. काही आठवडे काहीच बदलावं लागलं नाही, मग त्या डीलरांचा ब्लॉक काढा आणि पुढचे घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर, पंपांची मागणी चढलेली असताना, किंवा मार्चअखेरीला हे सुरू करू नका. पावसाळ्यात पंपांची मागणी उतरली की धीरानं करता येईल.

आणि कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक काम करा. मागच्या दोन-तीन महिन्यांचे मागणीचे ई-मेल आणि त्यांवरून एसएपीत भरलेल्या ऑर्डरी शेजारी शेजारी ठेवून ताईंबरोबर बसा. जिथं जिथं फॉर्मवर एक आणि एसएपीत दुसरं आहे, तिथं ‘हे का बदललं?’ एवढंच विचारा. एक डीलर जुना पार्ट नंबर लिहितो पण त्याला नवा लागतो, दुसऱ्याचं गोदाम वेगळ्या गावी आहे, तिसरा डझनात लिहितो आणि आपण नगात विकतो. हे कुठल्याच मास्टरमध्ये नसतं, ते ताईंच्या डोक्यात असतं, आणि आजवर त्यांनी ते निमूटपणे सांभाळलं म्हणून माल बरोबर पोचला. मालकांना वाटतं ताई फक्त टाइप करतात. त्या बसण्यातून निघालेली यादी हाच तुमच्या तपासणीच्या नियमांचा पहिला मसुदा. ती वेबसाइट करणाऱ्याला द्या आणि मग त्याला विचारा, किती आठवडे लागतील.